नवं सॉफ्टवेअर टाकलं आणि नेट गेलं

लिनक्सच्या कॉम्प्युटरवर एखादं सॉफ्टवेअर टाकलं आणि नेट गेलं, की गावोगावी एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारा. हा सल्ला अगदी शेवटी ऐकावा, आणि बहुतेक वेळा ती पाळी येतच नाही. अशा वेळी सहसा काही मोडलेलं नसतं. एखादी सेटिंग बदललेली असते, आणि काय बसवलं, काय काढलं, कधी, याची नोंद कॉम्प्युटरनं स्वतःच ठेवलेली असते. ती वाचायची आणि तेवढाच बदल मागे फिरवायचा.

भीमपूरसारख्या ठिकाणी हे स्वतःला आलेलं बरं. २०१६ च्या पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यात हे मंडल नव्यानं झालं. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ जिल्हा. मशीन उचलून आदिलाबादला न्यायचं म्हणजे दिवस मोडला, आणि तिथं विंडोज जाणणारे दहा भेटले तर लिनक्स जाणणारा एखादा. त्यात मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या जुन्या पीसीत ते नसतं. मग उबुंटू नाहीतर लिनक्स मिंट टाकायचं. मार्ग चांगलाच आहे, फक्त अडलं तर विचारायला शेजारी कुणी नसतं. तेव्हा पुण्याला किंवा हैदराबादला असलेल्या भावाला फोन लागतो.

"दादा, नेट गेलं रे कॉम्प्युटरचं."

"फोनला येतंय का, त्याच वायफायवर?"

"येतंय की."

"मोबाइल डेटा बंद कर आणि मग बघ."

ही शेवटची सूचना फार कामाची. फोन वायफायला जोडलेला दिसतो, पण त्या वायफायमध्ये नेट नसेल तर तो न सांगता सिमच्या डेटावर जातो. आपण समजतो लाइन चालू आहे, आणि उगाच लिनक्सला दोष देत बसतो. म्हणून डेटा बंद करून तपासायचं. फोनलाही येत नसेल तर फायबरच्या डब्याकडे बघा. एलओएस असं लिहिलेला दिवा लाल असेल किंवा लाल लुकलुकत असेल, तर डब्यापर्यंत उजेडच पोहोचत नाही; तार कुठंतरी तुटली आहे किंवा वाकली आहे. तिथं तक्रार नोंदवायची आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

फोनला नेट आहे आणि कॉम्प्युटरला नाही, हे पक्कं झालं की दुसरा प्रश्न: नेट नेमकं कधी गेलं? सॉफ्टवेअर बसवल्याबरोबर, की पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू केल्यावर? बहुतेक जण हा प्रश्न सोडून देतात आणि तिथंच चुकतात. बसवल्याबरोबर गेलं असेल तर दोष सेटिंगचा: डीएनएस, व्हीपीएन, फायरवॉल, प्रॉक्सी यांपैकी काहीतरी. रीस्टार्टनंतर गेलं असेल तर बहुधा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला आणि वायफायचा ड्रायव्हर मागे राहिला. उबुंटू सुरक्षेचे अपडेट न विचारता बसवत असतो, त्यांत नवा कर्नलही असतो. पण तो कामाला लागतो रीस्टार्ट झाल्यावरच. समजा, सोमवारी कर्नल उतरला, बुधवारी तुम्ही प्रिंटरचं सॉफ्टवेअर टाकलं, शुक्रवारी लाइट गेली आणि पीसी बंद पडला. लाइट आल्यावर वायफाय नाही. आळ येतो प्रिंटरच्या सॉफ्टवेअरवर, आणि तुम्ही ते काढून, परत टाकून, परत काढून दमता.

म्हणून आठवणीवर विसंबू नका, नोंदवही उघडा. उबुंटू, मिंट, डेबियन यांच्यात ही वही 'व्हार' फोल्डरमधल्या 'लॉग'मध्ये, 'एपीटी' नावाच्या फोल्डरात असते. फाइलचं नाव 'हिस्टरी डॉट लॉग'. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. प्रत्येक नोंदीला तारीख-वेळ, कोणती कमांड दिली ते, मग काय बसवलं, काय अपग्रेड झालं आणि काय काढलं. खालून वर वाचायची. 'रिमूव्ह'ची ओळ आधी बघा: टाकायला गेलात एक आणि निघालं दुसरंच, असं होतं. फेडोरावाल्यांची याहून मजा आहे. तिथं 'डीएनएफ हिस्टरी लिस्ट' म्हटलं की क्रमांकांसह यादी येते, आणि 'डीएनएफ हिस्टरी अनडू' लिहून पुढे तो क्रमांक दिला की तेवढाच व्यवहार उलटवला जातो.

कमांड कशा लिहायच्या तेही सांगून ठेवतो. या लेखात त्या फोनवर सांगाव्यात तशा उच्चारानं दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत लिहायच्या, दोन शब्दांमध्ये एक जागा सोडायची. जिथं 'सुडो' लागतं तिथं पासवर्ड विचारला जातो आणि तो लिहिताना पुष्कळदा पडद्यावर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडला असं वाटून घेऊ नका.

आता एक अडचण. नेट दुरुस्त करायला पुष्कळदा नेटच लागतं: पॅकेज उतरवायचं असतं, ड्रायव्हर हवा असतो. यावर उपाय आपल्या खिशात असतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं कॉम्प्युटरला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जाऊन 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. लिनक्स या फोनला तारेचं नेटवर्क समजतो, वेगळा ड्रायव्हर मागत नाही. आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: फोन त्या वेळी घरच्या वायफायवर असेल तर केबलमधून वायफायचंच नेट येतं, सिमचा डेटा खर्च होत नाही. म्हणजे फोन हाच तात्पुरता वायफाय अडॅप्टर झाला. मात्र केबल डेटा नेणारी हवी. स्वस्तातल्या काही केबल नुसतं चार्जिंग करतात. टेदरिंगचं बटण फिकं, दाबता न येणारं दिसलं तर आधी केबल बदलून बघा.

टेदरिंगनं सगळं सुरळीत चाललं तर दोष फक्त वायफायच्या बाजूचा. टेदरिंगनंही वेबसाइट उघडत नसतील तर दोष वरच्या थरातला, म्हणजे डीएनएस, व्हीपीएन वगैरे. एका केबलनं अर्धं निदान होतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी टर्मिनल उघडा आणि 'आयपी ॲड्रेस' लिहा. यादी येईल. पहिलं नाव 'एलओ', ते कॉम्प्युटरचं स्वतःशीच बोलणं, ते सोडा. 'ई'पासून सुरू होणारं नाव तारेचं, 'डब्ल्यूएल'पासून सुरू होणारं वायफायचं. वायफायची ओळच नसेल तर ड्रायव्हरचा मामला. खाली त्याच्याकडे येतो. ओळ आहे, पण तिच्याखाली 'आयनेट' लिहून १९२.१६८ सारखा आकडा नाही, तर राउटरशी जोडणीच झालेली नाही. अशा वेळी आधी 'आरएफकिल लिस्ट' लिहून बघा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल'नं सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर लॅपटॉपवरचं वायफायचं बटण दाबलं गेलंय. सॉफ्टवेअर त्यात काही करू शकत नाही.

पत्ता मिळालेला असेल तर 'आयपी रूट'. 'डिफॉल्ट व्हाया' अशी ओळ असायला हवी आणि पुढे राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा तत्सम. ती ओळ नसेल, किंवा ती 'टन', 'डब्ल्यूजी' अशा नावाच्या दाराकडे जात असेल, तर व्हीपीएननं वाट वळवली आहे. वाट बरोबर असेल तर 'पिंग' आणि पुढे राउटरचा तो पत्ता. मग 'पिंग ८.८.८.८', मग 'पिंग' आणि एखाद्या वेबसाइटचं नाव. विंडोजचं पिंग चार वेळा उत्तर देऊन थांबतं, लिनक्सचं आपण कंट्रोल-सी दाबेपर्यंत चालूच राहतं. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर डीएनएस, म्हणजे नावावरून आकडा शोधणारी सोय, गेलंय. नावालाही उत्तर येतं पण ब्राउझर काही उघडत नाही, तर प्रॉक्सी तपासा: सेटिंग्जमध्ये नेटवर्क, त्यात नेटवर्क प्रॉक्सी, ते 'ऑफ' करा. दोन मिनिटांचं काम.

सॉफ्टवेअर टाकल्याबरोबर नेट गेलं अशा तक्रारींत डीएनएसवर पहिला संशय घ्यावा. उबुंटूत नावांचे आकडे शोधून द्यायचं हे काम 'सिस्टिमडी-रिझॉल्व्हड' नावाची सेवा करते. ती कॉम्प्युटरच्या आतच १२७.०.०.५३ या पत्त्यावर, ५३ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेली असते. आता तुम्ही जाहिराती अडवणारं पाय-होल किंवा हॉटस्पॉटसाठी डीएनएस-मास्क टाकायला गेलात, की त्यालाही तोच पोर्ट हवा असतो. तो सुरू होत नाही. मग कुठल्यातरी व्हिडिओत सांगितलेलं असतं, आधीची सेवा बंद करा. बंद केली. नवंही नीट लागलं नाही आणि जुनंही बसलं. 'ईटीसी' फोल्डरमधली 'रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ' ही फाइल मात्र अजून १२७.०.०.५३ कडेच पाठवते आहे, आणि तिथं आता उत्तर द्यायला कुणी नाही. फाइलचं नाव लिहिताना रिझॉल्व्हच्या शेवटी ई नाही, एवढं ध्यानात ठेवा. तो टाकल्यामुळं फाइल सापडत नाही आणि ती उडालीच असं वाटतं.

उपाय: 'सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल', मग दोन डॅश जोडून 'नाऊ', मग 'सिस्टिमडी-रिझॉल्व्हड'. सेवा परत उभी राहते. नव्यानं टाकलेलं डीएनएसचं सॉफ्टवेअर काढून टाका. तरी नावं उघडत नसतील तर वायफायच्या सेटिंगमध्ये आयपीव्ही ४ च्या पानावर डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे दोन आकडे स्वल्पविरामानं लिहा, जोडणी बंद करून परत चालू करा. हे तात्पुरतं समजा. तरीही नाही, तर ती रिझॉल्व्ह फाइल तपासायची. मुळात ती दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक असते. एखादं सॉफ्टवेअर तिच्या जागी साधी फाइल ठेवतं आणि मग तुम्ही सेटिंगमध्ये काहीही बदला, तिच्यापर्यंत ते पोहोचत नाही.

व्हीपीएनचं वेगळं आहे. त्यात बहुधा 'किल स्विच' असतो: व्हीपीएन तुटलं तर सगळं नेटच तोडायचं, म्हणजे तुमची माहिती उघड्यावर जाणार नाही. कल्पना रास्त आहे. पण किल स्विच चालू असतानाच तुम्ही ते सॉफ्टवेअर काढलं, तर कुलूप लागलेलं राहतं आणि किल्ली गेलेली असते. 'एनएमसीएलआय कनेक्शन शो' असं लिहा, सगळ्या जोडण्यांची यादी येते. तुमच्या वायफायशिवाय आणि तारेच्या जोडणीशिवाय, व्हीपीएनच्या नावासारखं काही विचित्र दिसलं तर 'एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट' आणि पुढे ते नाव. नाव लांबलचक असेल तर शेजारचा यूयूआयडी दिला तरी चालतं. पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा: आधी किल स्विच बंद, मग व्हीपीएन तोडा, मग सॉफ्टवेअर काढा.

फायरवॉलवर लोकांचा जरा जास्तच राग असतो. उबुंटूच्या यूएफडब्ल्यूचा मूळ नियम बाहेरून येणाऱ्यांना अडवण्याचा आणि आतून जाणाऱ्यांना सोडण्याचा आहे, त्यामुळं नुसतं ते सुरू केल्यानं नेट जात नाही. खिडकीवाल्या जीयूएफडब्ल्यूमध्ये 'आउटगोइंग' चुकून 'डिनाय' झालं असेल तरच. 'सुडो यूएफडब्ल्यू डिसेबल' करून बघा; फरक पडला नाही तर ते निर्दोष.

बासरच्या आरजीयूकेटी विद्यापीठातून किंवा हैदराबादच्या कॉलेजातून सुटीला आलेल्या पोरांच्या लॅपटॉपवर डॉकर असतं. डॉकर आपलं आतलं नेटवर्क १७२.१७ पासून बांधतं. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८ चा असतो, तिथं काही अडत नाही. पण कॉलेज किंवा होस्टेलचं नेटवर्कच १७२.१७ चं असेल तर कॉम्प्युटर बाहेरची पत्रं आपल्याच घरात टाकत बसतो. घरी चालतं, कॉलेजात नाही, अशी तक्रार असेल तर हे पहिलं बघायचं. डॉकरच्या 'डीमन डॉट जेसन' फाइलमध्ये 'बीआयपी'ला दुसरी आकडेमाला दिली की भागतं.

आता ड्रायव्हर. 'एलएसपीसीआय', जागा, डॅश के, असं लिहा. नेटवर्क कंट्रोलरच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' लिहिलेलं असायला हवं. नसेल तर कार्ड आहे, चालक नाही. ब्रॉडकॉमची जुनी कार्डं आणि स्वस्त लॅपटॉपांत येणारी रिअलटेकची काही कार्डं यांचं हे नेहमीचं दुखणं. त्यांचा ड्रायव्हर पुष्कळदा कर्नलच्या बाहेरून, डीकेएमएस या सोयीनं बसवलेला असतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्यानं बांधावा लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं, पण त्या कर्नलच्या हेडर फाइल मशीनवर असल्या तरच.

नवा कर्नलच कारण आहे हे सिद्ध करणं सोपं आहे. रीस्टार्ट करा, सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, किंवा नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप टिचका. ग्रबचा मेन्यू येईल. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', आणि तिथून यादीतला दुसरा, जुना कर्नल निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेला नको. वायफाय परत आलं तर निदान पक्कं, आणि काम अडलं असेल तर आजचा दिवस जुन्या कर्नलवर खुशाल काढा. सवडीनं नव्या कर्नलमध्ये येऊन, फोनच्या केबलवर नेट घेऊन 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' हे पॅकेज बसवायचं आणि मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'. 'डीकेएमएस स्टेटस'मध्ये नव्या कर्नलपुढे 'इन्स्टॉल्ड' आलं की रीस्टार्ट.

यातही एक खोच आहे. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. त्यावर 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. पडदा इंग्रजीत, आपल्याला घाई, म्हणून लोक 'कंटिन्यू बूट' दाबून पुढे जातात आणि ड्रायव्हर बसूनही बाहेरच राहतो. निळा पडदा आला तर थांबा, वाचा. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं. सुरक्षा थोडी कमी होते, पण गावातल्या एकट्या पीसीला हा सौदा परवडतो असं मला वाटतं. विंडोजही त्याच मशीनवर असेल आणि त्यात बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय मात्र बायोसमध्ये हात घालू नका.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्यांसाठी आणखी एक. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पुरतं बंद होत नाही, आणि काही वायफाय कार्डं अर्धवट अवस्थेत लिनक्सच्या हाती येतात. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा.

दोषी सापडला आणि तुम्ही तो काढला, तरी नेट येत नाही? मग कसा काढला ते बघा. 'एपीटी रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, पण 'ईटीसी'तल्या त्याच्या सेटिंगच्या फाइल ठेवून देतं. सेटिंगमुळंच नेट गेलं असेल तर नुसत्या रिमूव्हनं काय होणार? 'सुडो एपीटी पर्ज' आणि पॅकेजचं नाव द्या, म्हणजे फाइलींसकट जातं. पर्ज करण्याआधी काय काय निघणार याची यादी पडद्यावर येते. ती वाचून मगच 'वाय' दाबायचं.

ही यादी न वाचणं किती महागात पडू शकतं ते नोव्हेंबर २०२१ मध्ये जगानं पाहिलं. कॅनडातला प्रसिद्ध यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन याला पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे खेळांचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. पॅकेजांच्या घोळामुळं स्टीम बसवायला सगळं डेस्कटॉपच काढायचं ठरत होतं. यंत्रणेनं इशारा दिला, आणि खरंच हवं असेल तर 'येस, डू ॲज आय से' असं अक्षरशः लिहायला सांगितलं. त्यानं लिहिलं. डेस्कटॉप गेलं. नेटवर्क मॅनेजरही असाच कशाच्या तरी ओघात निघू शकतो, आणि तो निघाला की वायफायचं चिन्हच पडद्यावरून नाहीसं होतं. अशा वेळी ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकला होता तो लावा आणि न बसवता, 'ट्राय' निवडून सुरू करा. तिथं नेट आलं म्हणजे कार्ड शाबूत आहे. गेलेली पॅकेजं तिथूनच उतरवून घेता येतात.

भावाला किंवा मित्राला फोन करणार असाल तर 'काहीच होत नाही' असं सांगून भागत नाही. 'आयपी ॲड्रेस', 'आयपी रूट' आणि नोंदवहीतल्या शेवटच्या दोन नोंदी यांचे फोनवरून फोटो काढून पाठवा. तारेचं नेट, टेदरिंग आणि वायफाय यांपैकी काय चालतं ते एका ओळीत लिहा. आणि नेटच्या कंपनीचा माणूस घरी आला, तर त्याच्यासमोर त्याच्याच राउटरवर फोनला नेट येतंय की नाही ते आधी दाखवा, डेटा बंद करून. नाहीतर तो लिनक्स बघून हात झटकतो.

नेट परत आल्यावर थोडी आवराआवर राहते. तात्पुरते भरलेले डीएनएसचे आकडे काढून 'ऑटोमॅटिक' परत चालू करा. फायरवॉल बंद केली असेल तर 'यूएफडब्ल्यू एनेबल'. नवा कर्नल नीट चालतोय याची आठवडाभर खात्री होईपर्यंत 'ऑटोरिमूव्ह' चालवू नका, ते जुने कर्नल झाडून काढतं. लिनक्स मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं, पण ते आपण सुरू करावं लागतं. रोजचा एक याप्रमाणे दोन-तीन स्नॅपशॉट ठेवले तर पुढच्या वेळी सॉफ्टवेअर टाकण्याआधीच्या दिवसावर परत जाता येतं, आणि घरच्या फोल्डरातले फोटो, कागद त्यात धक्का न लागता राहतात. साधी ॲप्स, म्हणजे व्हिडिओ प्लेयर, चॅट, खेळ वगैरे, शक्यतो फ्लॅटपॅकमधून घ्या. ती आपापल्या कप्प्यात राहतात, सिस्टिमच्या नेटवर्कच्या फाइलींना सहसा शिवत नाहीत. ड्रायव्हर, व्हीपीएन आणि डीएनएसचं काहीही टाकायचं असेल तर ते महिनाअखेरीच्या, दुकानात गर्दी असलेल्या दिवशी टाकू नका.